डब्यातली साखर

मास्तर,

काल माझ्या नातीनं सकाळी वाटीभर उपमा खाल्ला, वर पेलाभर दूध प्याली आणि चर्चमध्ये नऊच्या मिस्साला जाऊन पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. कुणी काही म्हटलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं, कारण प्रसादाआधीचा उपास आता तासाभराचाच धरतात आणि पाण्याला तर पूर्ण मोकळीक आहे. तुम्ही असता तर त्या उपम्याच्या वाटीकडे बघून डोक्यावरची काळी टोपी काढून हातात घेतली असती. आपल्या वेळी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब चालत नव्हता. चूळ भरताना घोटभर पाणी घशाखाली गेलं तरी त्या दिवशीचा प्रसाद गेला, असं तुम्ही आम्हाला बजावून ठेवलं होतं, म्हणून आम्ही पोरं त्या दिवशी दात घासायलाही घाबरत होतो. नातीला मी हे सांगायला गेले तर ती म्हणाली, आजी, मग तुम्हाला चक्कर नाही यायची का? यायची की. पण चक्कर येणं हाही आम्हाला त्या दिवसाचा एक भाग वाटायचा. रात्री झोप लागेना, तेव्हा ठरवलं की तुम्हालाच लिहावं. ज्याला हे सगळं समजावून सांगावं लागणार नाही असं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

पूर्णेला रेल्वेच्या चाळी संपल्या की रुळांच्या पलीकडे आपली शाळा होती. शाळा म्हणजे कौलारू एकच खोली, मागे तुमचा स्वयंपाकाचा आडोसा आणि दारात लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. तो तुम्ही लोखंडी खिळ्यानं वाजवायचात आणि कधी कधी स्टेशनावरच्या हमालांना वाटायचं गाडीच आली. सकाळी आधी निजामसाहेबांना दीर्घायुष्य मागणारी उर्दू प्रार्थना व्हायची, कारण तालीम खात्याचा, म्हणजे शिक्षण खात्याचा, साहेब कधी येऊन उभा राहील याचा नेम नसायचा, आणि मग आपली, स्वर्गीय बापाची. दोन्ही आम्ही सारख्याच जोरात म्हणायचो. मला बरीच वर्षं वाटत होतं की स्वर्गातला बाप आणि निजाम एकमेकांना ओळखत असणार. भिंतीवर क्रूस होता, त्याच्या खाली बाराखडीचा तक्ता. तीन-चार महिन्यांनी औरंगाबादकडून फादर गाडीनं यायचे, तेव्हा तोच तक्ता उलटा फिरवून तुम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवायचात, तुमच्या टेबलावर पांढरी चादर यायची, आणि शाळेचं देऊळ व्हायचं. फादर गेले की पुन्हा त्याच टेबलावर छडी. छडी तुम्ही फार वापरली नाहीत, पण ती दिसेल अशी ठेवायचात.

धर्माचा तास शेवटचा असायचा. शाळेत शेतकऱ्यांची पोरंही होती, त्यांना त्या तासाला घरी जायची मुभा होती, पण ती कधी गेली नाहीत, कारण त्या तासाला तुम्ही गायचात. दहा आज्ञा तुम्ही जात्यावरच्या चालीत बसवल्या होत्या. पोरांनी त्या घरी नेल्या, आयांनी उचलल्या, आणि शाळेमागच्या मळ्यातली मावशी तर पहाटे ज्वारी दळताना तुझ्या शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नकोस असं ठणठणीत म्हणायची. तिला त्या आज्ञा कुणाच्या आहेत याचं काही घेणंदेणं नव्हतं. चाल दळायला चांगली आहे म्हणायची.

या मावशीबद्दल मी सगळ्यांना सांगते, पण पुरतं कुणाला कळत नाही. तुम्हाला माहीतच आहे, आमचे वडील रेल्वेत सांधेवाले होते, अंगाला खाकी कपडा होता, पण आमचे आजोबा गंगापूरकडच्या गावात विहिरीच्या काठावर पाय ठेवू शकत नव्हते. दुरून ओंजळ धरायची आणि कुणाला दया आली तर वरून पाणी पडायचं. ख्रिस्ती झालो तरी विहिरींना ते कुणी कळवलं नव्हतं. शाळेला पाणी नव्हतं. मावशी ही चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याची बायको, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, देवघरात देवांचे टाक, दारात तुळस. तिनं पहिल्या वर्षी स्वतः शेंदून आमच्या घागरीत पाणी ओतलं. पुढच्या वर्षी म्हणाली, माझी कंबर काय सरकारची हाय का, तुमची पोरं शेंदतील. तिचे दीर महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. ती म्हणायची, बरंच झालं, तेवढीच शांतता. त्या दिवसापासून आम्ही पोरं तिच्या विहिरीवर दोर सोडायचो. तुम्ही पहिल्यांदा तिथून भरलेली घागर खोलीत आणून ठेवलीत आणि बराच वेळ तिच्याकडे नुसते बघत बसलात, ते मला आठवतं. तेव्हा वाटलं होतं घागर फुटकी आहे की काय.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी तुम्ही पावसाळा संपल्यापासून घेतली. आम्ही थोडीच पोरं होतो, मी त्यातली तोंडाळ, सगळी प्रश्नोत्तरं मला पाठ. दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊन मोकळी व्हायची आणि तुम्ही म्हणायचात, देवानं तुला विचारलंय का? अडचण फक्त जिभेची होती. पवित्र भाकर जिभेवर ठेवली की तिला दात लावायचा नाही, ती आपोआप विरघळू द्यायची, हे आम्हाला तोंडी सांगून जमेना. मग तुम्ही आम्हाला आडोशात नेलंत. तुम्ही एकटेच, तुमच्या घरच्या बाई कधीच वारलेल्या, स्वतःच्या हातानं भाकरी थापायचात, आणि इतकी गोल थापायचात की आमच्या आयांना ते आवडायचं नाही. तव्यावरून उतरलेली भाकर टम्म फुगली की तुम्ही तिचा वरचा पापुद्रा नखानं अलगद सोलायचात आणि त्याचे छोटे तुकडे करून रांगेनं आमच्या जिभेवर ठेवायचात. डोळे मिटा, हात जोडा, जीभ बाहेर. दात लावायचा न्हाई. आता ज्वारीचा पापुद्रा काय विरघळतो? तो टाळूला चिकटायचा, कुणाला ठसका लागायचा, कुणी हसायचं, आणि मी तर कुरुम असा आवाज करून खाऊनच टाकायची. तुम्ही कपाळाला हात लावायचात. म्हणायचात, बाई, तू येशूला चावून खानार हायेस. धुराचा वास, भाकरीचा वास, आणि डोळे मिटून उभी आमची ओळ. माझ्या धर्मशिक्षणात यापेक्षा मोठं असं पुढे काही आलं नाही, आणि मी स्वतः तीसेक वर्षं मुलांना हेच शिकवलं.

फादर आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आले. ते परदेशातले, उंच, दाढीवाले, मनानं वाईट नव्हते, पण त्यांचं मराठी पुस्तकातून आलेलं आणि त्यांची धास्ती मोठी होती की ही नवी माणसं पुन्हा जुन्या देवांकडे घसरतील. मागच्या खेपेला त्यांनी ताकीदच दिली होती. हिंदूंच्या घरी देवापुढचं काही खायचं नाही, आणि पुन्हा तसं कानावर आलं तर मुलांनी त्या घरांची पायरी चढणं बंद. वडीलमंडळींनी माना हलवल्या होत्या. तुम्ही मान हलवली नव्हती, तुम्ही घागरीकडे बघत होता. मावशीच्या घराची पायरी बंद म्हणजे विहीर बंद, हे फादरांना ठाऊक नव्हतं आणि त्यांच्याशी तसं बोलायची रीत नव्हती.

त्या सकाळी थंडी होती. डिसेंबरचे दिवस, बाहेर देश स्वतंत्र झाला होता आणि आपल्याकडे अजून निजामाचंच चाललेलं. आईनं मला पांढरा झगा शिवला होता आणि डोक्यावरचं झिरझिरीत वस्त्र म्हणजे रेल्वेच्या कुणा साहेबाची टाकून दिलेली मच्छरदाणी होती, नीळ घालून धुतलेली. वेदीसाठी शेवंती आणायला तुम्ही मला मावशीकडे पाठवलंत. मीच पुढं पुढं करणारी, म्हणून मलाच. मावशी तुळशीला पाणी घालून वळली आणि मला बघून उभीच राहिली. असा झगा तिनं पाहिला नव्हता. आज तुझं काय हाय गं, म्हणाली. मी सांगितलं की आज माझा मोठा दिवस आहे. तिला एवढं पुरलं. पोर नवं नेसून, मोठ्या कामाला निघालेली आणि तोंड गोड न करता पाठवायची, हे तिच्या हातून होणं शक्यच नव्हतं. ती आत गेली, फडताळातला डबा काढला आणि माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. साखर तेव्हा रेशनवर. तिच्या घरात पाव्हण्यालासुद्धा गुळाचा चहा असायचा. ती माझ्यापुढं उभी राहिली, मी खाते की नाही बघत. मी खाल्ली. हातावर ठेवलं की खायचं, एवढंच मला माहीत होतं. फुलं झग्याच्या घोळात घेऊन मी विहिरीपर्यंत आले, जिभेवर गोड लागत होतं, आणि तिथं माझे पाय थांबले.

मी तशीच आडोशात तुमच्याकडे आले. तुम्ही कोटाची बटणं लावत होता. मी सांगितलं. रडले नाही, कारण रडण्याच्या पलीकडचं काहीतरी झालं होतं. तुम्ही हातातलं बटण सोडलंत.

“देवापुढची व्हती का डब्यातली?”

“डब्यातली,” मी म्हणाले.

तुम्ही मोठा श्वास सोडलात. मग म्हणालात, “मला कळलं, अन् देवाला कळंल. पन फादरला डबा कळायचा न्हाई.”

नियम मात्र नियम होता. साखर देवापुढची असो की डब्यातली, ती पोटात गेली होती आणि उपास मोडला होता. तुम्ही मला हे लपवून पुढे पाठवलं असतंत तर मी गेलेही असते, तुम्ही सांगाल ते मी करत होते. तुम्ही तसं केलं नाहीत. तुम्ही खाली बसलात, माझ्या डोळ्यांसमोर डोळे आणलेत आणि समजावलंत की आज नाही, पुढच्या खेपेला. का नाही हे कुणाला सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही, कारण बोललं की ते मावशीच्या दारापर्यंत जाणार. त्या बाईनं चांगल्या मनानं दिलं, तिला आयुष्यभर हुरहुर लागेल, आणि पोरांची विहीर जाईल. मला सगळं कळलं नाही. मला एवढंच कळलं की सगळी पोरं पुढे जाणार आणि मी एकटी मच्छरदाणी डोक्यावर घेऊन मागे बसणार, आणि अख्खी चाळ माझ्याकडे बघणार. मी तेच म्हटलं. सगळे माझ्याकडे बघतील.

तेव्हा तुम्ही उठलात. घागरीवरचं झाकण काढलंत, पेला बुडवलात आणि माझ्यासमोर तो पेलाभर पाणी घटाघटा प्यालात. फादर तीन-चार महिन्यांतून एकदा येणार, त्या एका घासासाठी तुम्ही दिवस मोजायचात, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. तुम्ही तोंड पुसलंत.

“आता माझ्याकडं बघतील,” तुम्ही म्हणालात. “तुझ्याकडं कोन बघतंय.”

आणि तसंच झालं. मिस्सा सुरू व्हायच्या आधी तुम्ही फादरांच्या कानाशी लागून सांगितलंत की हिचं आज राहू द्या. ते झगा चढवण्याच्या घाईत होते, त्यांनी मान डोलावली. मग तुम्ही, जे नेहमी पुढं घंटी हातात घेऊन गुडघ्यावर असायचात, ती घंटी दुसऱ्याकडे दिलीत आणि शेवटच्या तरटाच्या पट्टीवर माझ्या शेजारी येऊन बसलात. बाकीची पोरं पुढे गेली. डोळे मिटले, जिभा बाहेर. कुणीही चावलं नाही, तुमच्या भाकऱ्या कामी आल्या. मग मोठी माणसं उठली, आणि उठताना एकेकाची मान मागे वळली. मास्तर उठत नाहीत. आई वळली. वडील वळले. सगळे तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही जमिनीकडे बघत होता आणि तुमचा हात माझ्या शेजारी पट्टीवर टेकलेला होता, बोटांना शाईचे डाग. दाराबाहेर मावशी उभी होती, हात जोडून, तिच्या पोरांना गप्प करत. तिला आमच्यातलं काय महत्त्वाचं आणि काय नाही हे कळत नव्हतं. आपली फुलं टेबलावर आहेत आणि मी पांढऱ्या झग्यात बसले आहे, एवढ्यावर तिचं समाधान होतं.

मिस्सानंतर अंगणात फादरांनी तुम्हाला विचारलं. आडून विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांना आडून बोलायचं मराठी येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, पानी पेलो, फादर. का? तुम्ही म्हणालात, प्यावं वाटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, मी नंतर किती वेळा तपासून पाहिलं. फादरांचा चेहरा लाल झाला. लहान मुलं रात्रीपासून कोरडी राहू शकतात आणि त्यांच्या गुरूला एक सकाळ तहान आवरत नाही, असं ते म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले, सगळ्यांच्या देखत. पुढच्या खेपेला इथं दुसरा माणूस पाठवावा की काय असंही म्हणाले. तुम्ही हात पुढे बांधून ऐकत होता. पोरांना छडी दाखवणारा माणूस पोरासारखा उभा होता. मी एक पाऊल पुढे टाकलं, तर तुम्ही नुसतं बघितलंत. वर्गात दुसऱ्याचं उत्तर मी द्यायला लागले की बघायचात तसंच.

फादर आत गेल्यावर मावशी पुढे आली. तिनं सगळं ऐकलं होतं आणि तिचा चेहरा उतरला होता.

“मास्तर,” ती हळूच म्हणाली, “माझ्या हिरीचं पानी त्यास्नी चालत न्हाई का?”

मास्तर, तुम्ही त्या क्षणी हसलात. फादरांनी एवढं झाडल्यावर, लोक कुजबुजत असताना. आमच्या आजोबांनी लांबून ओंजळ धरली होती आणि ही टाक पुजणारी बाई तिचं पाणी आमच्या लोकांना चालतं की नाही म्हणून घाबरली होती. मला तेव्हा काही उमजलं नाही, पण आता ते आठवलं की मी एकटीच हसते आणि सून विचारते काय झालं. तुम्ही म्हणालात, “चालतंय, मावशी. लय गोड हाय. त्येच तर पेलो.” ती खुलली. म्हणाली, मग प्या की, मानूस तहानलेला बरा का, आणि फादर गेले त्या दाराकडे बघून त्यांना परदेशात विहिरी नसतील असं काहीसं पुटपुटत घरी गेली.

बाकीच्या पोरांना त्यांच्या आया घरी नेऊन गोडधोड खाऊ घालत होत्या. माझी आई माझ्याशी बोलत नव्हती. तुम्ही मला आडोशात बोलावलंत, चूल पेटवलीत आणि भाकर थापलीत. ती फुगली. तुम्ही पापुद्रा सोलला नाहीत. अख्खी भाकर माझ्या हातात ठेवलीत, वर लोणी, आणि म्हणालात, “आज दात लावून खा.” मग मात्र मला रडू आलं. रडत रडत ती सगळी खाल्ली. तुम्ही दुसरी थापत होता, पाठ माझ्याकडे, आणि तुम्हीही काहीतरी पुसत होता, धुरामुळं असेल.

पुढचे दिवस तुम्हाला जड गेले. चाळीत बोलणं सुरू झालं की मास्तरनं काहीतरी मोठं पाप केलं असणार, म्हणून तर घेतलं नाही, पाण्याचं नुसतं निमित्त. कुणी दारूचं नाव घेतलं, कुणी बाईचं. माझी आई तर शाळेत येऊन तुम्हाला सरळ बोलली की स्वतःचं चुकलं त्याचा राग माझ्या पोरीवर का काढलात, तिला सगळं येत असताना का मागं ठेवलीत. तुम्ही म्हणालात, पुढच्या खेपेला ताई, पुढच्या खेपेला सगळ्यांत आधी हिला. आणि मला रोज धर्माच्या तासाला पहिला प्रश्न विचारायला लागलात.

पुढची खेप आलीच नाही. उन्हाळा लागला तशा गाड्यांचा भरवसा राहिला नाही, रझाकारांच्या धास्तीनं माणसं दिवसाउजेडी दारं लावायला लागली, आणि फादरांचं येणं राहून गेलं. त्यामुळे तुमच्या जागी दुसरा माणूसही आला नाही, हे एक बरं झालं. वडिलांची बदली सिकंदराबादला झाली. तुम्ही शाळा सोडून स्टेशनावर आला होता, टोपी, काळा कोट, त्या उन्हात. मावशी पण आली. लाइन ओलांडून, पदराखाली काहीतरी धरून. गाडीच्या दाराशी ती मला म्हणाली, हात कर. पदराखालून तोच डबा निघाला. तिनं माझ्या तळहातावर साखर ठेवली, यावेळी चिमूट नव्हे, चांगली मूठभर, आणि नेहमीसारखी मी खाते की नाही बघत उभी राहिली. मी तुमच्याकडे बघितलं.

“खा,” तुम्ही म्हणालात. “आज चालतंय.”

आपण दोघं हसलो आणि मावशीला वाटलं आपण साखरेला हसतोय. ती रागावली, की जाताना हसू नये, डोळ्यात पाणी असावं. ते होतंच. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. त्या विहिरीवर पुढेही पोरं पाणी शेंदत होती, हे मला नंतर कुणीकुणी सांगितलं.

सिकंदराबादला मोठं चर्च होतं, वर रंगीत काचा, पुष्कळ मुली, सगळ्यांचे झगे विकतचे. तिथं मी पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. ती पवित्र भाकर खरंच आपोआप विरघळली आणि मला आश्चर्य वाटलं की इतकं सोपं होतं. मला कुणी सांगितलं नाही की दात लावू नको. त्याच दुपारी मी आईला सगळं सांगितलं, कारण आता पूर्णा लांब होती आणि शब्द मोकळा झाला असं मला वाटलं. आई भांडी घासत होती. ती थांबली आणि म्हणाली, “अन् मी त्या मानसाला दारात जाऊन बोलले.” तुमची माफी मागायला एकदा पूर्णेला जाऊ असं ती पुढे दोन वर्षं म्हणत होती. जायच्या आधीच तिकडून आलेल्या एका गार्डानं वडिलांना सांगितलं की मास्तर तापानं गेले, शाळेमागंच पुरलं, मळ्याच्या बांधाला लागून. त्या मळ्यातल्या बाईनं जागा दिली म्हणे.

नियम बदलायला लागला तेव्हा मी तरुण होते, बाहेरगावी शिकत होते. आधी पाणी चालायला लागलं, मग उपास तीन तासांवर आला, मग एका. पाण्यानं उपास मोडत नाही असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आनंद होण्याऐवजी राग आला. म्हणजे तुमचा तो पेला काहीच नव्हता? ज्याच्यासाठी तुम्ही अंगणात मान खाली घालून उभे राहिलात, ते आता कुणाच्या खिजगणतीत नाही? मी तिथल्या फादरांशी भांडायलाही गेले, ते तरुण, त्यांनी मला सरबत दिलं. राग पुढे निवला. तुम्ही तो पेला नियमासाठी प्यालाच नव्हता, हे समजायला मला स्वतः मास्तरीण होऊन पोरांच्या शेजारी बसावं लागलं.

आता कालचं. सकाळी नात तयार होऊन आली, पांढरा फ्रॉक, खरं झिरझिरीत वस्त्र, मच्छरदाणी नव्हे. मी फडताळातला डबा काढला आणि तिच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. ती म्हणाली, आजी, साखर तब्येतीला वाईट असते. मी म्हटलं, ही डब्यातली आहे, खा. तिला काही कळलं नाही, पण खाल्ली. हाताला लागलेली राहिली ती मी खाल्ली. चर्चमध्ये ती पुढे गेली, डोळे मिटले, दात लावला नाही, मी लांबून बघत होते. मग मोठ्यांची रांग उठली. आजच्या हिशेबानं मला जायला काहीच हरकत नव्हती, तासापेक्षा कितीतरी जास्त वेळ झाला होता. पण आपल्या हिशेबानं माझा उपास मोडला होता. मी शेवटच्या बाकावर बसून राहिले, आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी सरकले. माणसांच्या माना मागे वळल्या, म्हातारी का उठत नाही म्हणून. मला फार बरं वाटत होतं. पूर्णेला त्या तरटाच्या पट्टीवर तुमच्या शेजारी बसून वाटलं होतं तसंच, आणि तेव्हाही सगळ्यांना वाटलं होतं की ही बिचारी.

पत्र कुठे टाकणार, त्या बांधावर आता काय आहे तेही मला ठाऊक नाही. घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवते. काल घरी येताना सून काळजीनं म्हणाली, आई, आज गुडघे फार दुखत होते का? मी हो म्हटलं. तुम्हाला म्हणून सांगते, मास्तर, गुडघे दुखत नव्हते.